पेटीतला ओलावा

अगं, जालन्याचा उन्हाळा तुला ठाऊकच आहे. पारा चाळिशीपार, आणि हवा इतकी कोरडी की वाळत टाकलेलं दुपटं हां हां म्हणता कडक होतं. त्यात अठ्ठावीस आठवडे भरायच्या आधीच जन्मलेल्या बाळाची कातडी पातळ, चकचकीत, आतल्या शिरा दिसणारी. त्यातून पाणी सतत उडत राहतं, आणि प्रत्येक मिलीलिटर पाणी जाताना सुमारे 0.58 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. म्हणून असं बाळ गार लागलं की नुसतं पेटीचं, म्हणजे इनक्युबेटरचं, तापमान चढवू नकोस. आधी ओलाव्याचा आकडा बघ, टाकीत पाणी आहे का बघ.

पहिल्या आठवड्यात साधारण 70 ते 80 टक्के, मग रोज थोडं थोडं उतरवत 50 च्या आसपास. डॉक्टर लिहितील तोच आकडा लाव. कातडी जून व्हायला लागली की ओलावा उतरवायचाच, कारण दमट उबेत जंतूंचं फावतं.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी कुणाचंही ऐकत नाही. निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच. बोअरचं नाही, नळाचं नाही, फिल्टरचंही नाही. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, हीटरवर पांढरी पुटं चढतात. टाकीत उरलेल्या पाण्यावर नवीन पाणी ओतायचं नाही. जुनं फेकायचं, साफ केलेली टाकी बसवायची, मग भरायचं. साचलेल्या पाण्यात स्युडोमोनास वाढतो, आणि एवढ्याशा जिवाला तो झेपत नाही.

झाकणाच्या आतून ओघळ यायला लागले तर एसीचा झोत पेटीवर येतोय का बघ. ओघळ पुसून घे, चादर ओली झाली असेल तर लगेच बदल. ओल्या चादरीवर बाळ आणखी गार पडतं. मोठं दार उघडू नकोस, हात घालायच्या खिडक्यांतूनच काम कर, आणि सगळी कामं एकदमच उरक.

पाणी सांडलं तर वायर, प्लग बघितल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. भंडाऱ्यात 9 जानेवारी 2021 ला नवजात कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. घासलेली वायर, गरम झालेला प्लग दिसला तर तिथल्या तिथे कळव.

बाळ पेटीऐवजी उघड्या वॉर्मरवर असेल, तर तिथे ओलावा धरणारं काहीच नसतं, पाणी अधिकच उडतं. तिथे डॉक्टरांनी सांगितलं तर प्लास्टिकचं आवरण घाल, पण तोंड-नाक उघडं ठेवूनच.

आणि वजन रोज त्याच वेळी, त्याच काट्यावर. एकदम उतरलं, लंगोट कोरडा राहिला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी डॉक्टरांना उठव.