आधी दुपट्टा, मग वाट

एप्रिल संपत आला की आपल्या भागात तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. गाव पहाटेच जागे होते. बाया-माणसे शिदोरी बांधून जंगलाची वाट धरतात. दहा-अकरापर्यंत पाने तोडून होतात. मग घरी यायचे, सावलीत बसून पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर न्यायचे. चार पैसे मिळण्याचे हे दिवस. घरात कोणी बसून राहात नाही.

असेच एकदा आमच्या शेजारचे काकाजी अकराच्या सुमारास परत आले. वय साठीचे. डोक्यावर पूर्ण टक्कल. दुपट्टा जवळ एकच. त्यात त्यांनी पाने बांधली होती. खांद्यावर कावड आणि डोके उघडे. ऊन असे की रस्त्याची माती पायाला चटके देत होती.

मी म्हणालो, "काकाजी, डोके झाका. भाजेल."

काकाजी हसले. म्हणाले, "केसच नाही गुरुजी, त जळन का जी?"

आजूबाजूचे सारे हसले. मीही हसलो. पण रात्री काकाजींचे हसू गेले. डोक्याची आग आग होऊ लागली. उशीला डोके टेकवेना. सकाळी टाळू सुजली होती. हात लावला तर गरम लागे. तीन दिवस ते जंगलात जाऊ शकले नाहीत. हंगाम थोड्याच दिवसांचा. त्यातले तीन दिवस मजुरी बुडाली.

काकाजींना मी नावे ठेवणार नाही. हीच चूक मी स्वतः केली आहे. माझे थोरले बंधू वारले तेव्हा मे महिना होता. दहाव्या दिवशी वैनगंगेवर केस काढले. वाळूत दोन-तीन तास बसलो. मनात दुःख होते. डोके झाकावे हे सुचले नाही. रात्री डोके पेटले. घरच्या मंडळींनी मायेने तेल आणि चुना लावला. त्याने आग वाढली, फोड आले, फोड फुटून पू झाला. शेवटी उपकेंद्रातल्या बाईंनी जखम धुऊन दिली. बरे व्हायला पंधरा दिवस लागले. तीस वर्षे मी मुलांना सूर्याचा पाठ शिकवला. स्वतः मात्र तो त्या दिवशी शिकलो. तोच पाठ आज तुमच्यापुढे ठेवतो.

ऊन दोन प्रकारे त्रास देते

उन्हात दोन गोष्टी असतात. एक उष्णता. ती आपल्याला कळते. घाम येतो, घसा सुकतो, जीव घाबरा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अतिनील किरण. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. ते अंगाला गरमही लागत नाहीत. पण कातडी भाजते ती यांच्यामुळेच. हे किरण कातडीच्या आत शिरतात आणि तिचे बारीक कण दुखावतात. मग शरीर तिकडे जास्त रक्त पाठवते. म्हणून ती जागा लाल, गरम आणि हुळहुळी होते.

हे भाजणे लगेच कळत नाही. चूल भाजते ती तत्काळ समजते, आपण हात मागे घेतो. ऊन तसे नाही. ते सकाळी भाजते आणि आग होते संध्याकाळी किंवा रात्री. त्रास साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. म्हणून "दुखले की झाकू" असे म्हणून चालत नाही. दुखेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

ढग आले म्हणूनही निश्चिंत राहू नका. पातळ ढगांतून हे किरण खाली येतात. वाळूवरून आणि पाण्यावरूनही ते उलटून अंगावर येतात. नदीकाठी माणूस जास्त भाजतो तो यामुळे.

धोका कोणाला जास्त

डोक्यावरचे केस हे देवाने दिलेले छप्पर आहे. छप्पर गेले की घरात ऊन येते. टाळू ही शरीराची सर्वांत वरची जागा. दुपारचे ऊन तिच्यावर सरळ पडते. म्हणून टक्कल असलेल्या माणसाने इतरांपेक्षा जास्त जपले पाहिजे.

त्याहून जास्त जपावे नुकतेच केस काढलेल्याने. जुन्या टकलाची कातडी थोडी रापलेली असते. नुकत्याच भादरलेल्या डोक्याने कधी ऊन पाहिलेलेच नसते. ती कातडी कोवळी असते. घरात कोणी वारले म्हणून केस काढतात. नवस फेडताना काढतात. लहान मुलांचे जावळ काढतात. या सर्वांनी डोके लगेच झाकावे. दुःखात असलेल्याला स्वतःचे भान नसते. त्याच्या डोक्यावर कापड टाकणे हे शेजाऱ्याचे काम आहे.

केस विरळ झालेल्या बायांनीही जपावे. भांगाची उघडी रेषासुद्धा भाजते.

काही जण म्हणतात, "आपला रंग काळा. आपल्याला ऊन लागत नाही." हे अर्धेच खरे आहे. सावळ्या कातडीत रंगाचा अंश जास्त असतो. तो थोडे रक्षण करतो, पूर्ण नाही. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, एवढाच फरक. ती गरम लागते, दुखते आणि पुढे अधिक काळी पडते.

काही औषधांनी कातडी उन्हाला हळवी होते. डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी त्यातलीच एक. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या की विचारावे, "या घेऊन उन्हात गेले तर चालेल का?"

सावली पाहून वेळ ओळखा

घड्याळ नसले तरी चालेल. आपली सावली पाहा. सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ऊन कोवळे आहे. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की ऊन कडक झाले, असे समजा. सावली पायाशी आली की सर्वांत जास्त धोका. त्या वेळी उघड्या डोक्याने एक पाऊलही टाकू नये.

चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जातो. आपल्या शरीराची उष्णता 37 अंश असते. यावरून ओळखा. पाने तोडायची ती पहाटे. परत यायचे ते सावली आखूड होण्याआधी. उशीर झालाच तर दाट सावलीत थांबावे. उन्हाळ्यात सागाला पाने नसतात. त्याची सावली नावाची. आंबा, चिंच, वड, कडुनिंब यांची सावली खरी.

डोके कसे झाकावे

पहिले औषध म्हणजे कापड. ते घरातच असते.

दुपट्टा जाड आणि घट्ट विणीचा घ्यावा. तो सूर्यासमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर किरणही आरपार येतात. तसा दुपट्टा दुहेरी-तिहेरी घडी करून बांधावा. कान, कपाळ आणि मान झाकली गेली पाहिजे. साधी टोपी टाळू झाकते, पण कान आणि मान उघडी राहतात. टोपीवरून दुपट्टा घेतला तर फार चांगले.

दुपट्टा पाण्यात भिजवून बांधला की गार वाटते. हे चांगलेच आहे. पण पातळ सुती कापड ओले झाले की त्यातून किरण जास्त आत येतात. म्हणून ओला दुपट्टा जाड घडी करूनच बांधावा.

बांबूच्या कामट्यांची रुंद काठाची टोपीही उत्तम. तिच्यावर पळसाची पाने लावली की दाट सावली होते. वाराही आत खेळतो.

आता काकाजींची चूक आठवा. त्यांच्याजवळ दुपट्टा होता, पण तो ओझ्याला गेला. कोणी त्याची चुंबळ करतो, कोणी त्यात मोहफुले बांधतो. डोके उघडेच राहते. म्हणून घरून निघताना दोन कापडे घ्या. एक ओझ्याला, एक डोक्याला. डोक्याचे कापड दुसऱ्या कामाला लावायचे नाही.

औषधाच्या दुकानात सनस्क्रीन नावाचे मलम मिळते. डबीवर एसपीएफ 30 किंवा त्याहून मोठा आकडा पाहून घ्यावे. आता तुम्हाला आकडे वाचता येतात, तेव्हा स्वतः वाचून पाहा. उन्हात जाण्याआधी अर्धा तास ते टाळूला आणि कानांना लावावे. घाम आला की ते निघून जाते. म्हणून दर दोन तासांनी पुन्हा लावावे. मलम परवडले नाही तरी काही अडत नाही. जाड कापड त्याच्याइतकेच काम करते. खोबरेल किंवा मोहाच्या बियांचे तेल चोपडून उन्हात जाऊ नये. तेलाने ऊन अडत नाही.

डोके भाजले तर काय करावे

1. लगेच सावलीत यावे. पुन्हा उन्हात जाऊ नये.

2. माठातल्या पाण्यात स्वच्छ मऊ कापड भिजवून डोक्यावर ठेवावे. दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. दिवसातून चार-पाच वेळा असे करावे. बर्फ थेट कातडीवर ठेवू नये.

3. पाणी भरपूर प्यावे. ताक, पन्हे, आंबीलही चांगली.

4. कोरफड असेल तर पान कापून उभे ठेवावे. पिवळा चीक गळून जाऊ द्यावा. मग आतला पांढरा गर हलक्या हाताने लावावा. खाज किंवा जळजळ झाली तर धुऊन टाकावा.

5. फार दुखत असेल तर आशाताईंना विचारून पॅरासिटामॉलची गोळी घ्यावी.

6. चार-सहा दिवसांनी साल निघू लागते. ती ओढून काढू नये. आपोआप गळू द्यावी. तोपर्यंत डोक्याला वस्तरा लावू नये.

चुना, राख, शेण, टूथपेस्ट यांतले काही लावू नये. ताज्या भाजण्यावर तेल-तूपही नको. तेलाने आतली धग आतच राहते. फोड आले तर फोडू नयेत. फोडाची साल ही जखमेवरची पट्टीच आहे.

दवाखान्यात केव्हा जावे

फोड मोठे किंवा पुष्कळ असतील, पू झाला असेल, ताप-थंडी किंवा उलट्या होत असतील, तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे.

उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, त्याचे अंग फार तापले, त्याला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. यात जीव जातो. त्याला सावलीत आणा. कपडे सैल करा. अंगावर पाणी टाकून वारा घाला. 108 या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणखी एक गोष्ट. टकलावर खरखरीत डाग पडला, किंवा एखादी जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही, पुन्हा पुन्हा रक्त आले, तर ती डॉक्टरांना दाखवावी. वर्षानुवर्षे ऊन खाल्लेल्या कातडीला क्वचित कर्करोग होतो. लवकर दाखवला तर तो बहुधा पूर्ण बरा होतो. दुखत नाही म्हणून घरी बसू नये.

शेवटी काकाजींचे सांगतो. पुढच्या वर्षी हंगाम आला. पहाटे मी ओट्यावर उभा होतो. काकाजी कावड घेऊन निघाले. डोक्याला दुपट्टा, कमरेला दुसरा. माझ्याकडे पाहून म्हणाले, "गुरुजी, केस नाही, म्हणूनच जळते जी!"

या वेळी हसण्याची पाळी त्यांची होती.

लक्षात ठेवा

आग रात्री होते, पण भाजणे सकाळीच होते.
सावली आखूड, तर ऊन कडक.
दोन कापडे घ्या. एक ओझ्याला, एक डोक्याला.
पाणी लावा. चुना, राख, तेल लावू नका.

उत्तरे लिहा

1. काकाजींजवळ दुपट्टा असूनही त्यांचे डोके का भाजले?
2. नुकतेच केस काढलेल्या माणसाने जास्त का जपावे?
3. तुमच्या घरातला दुपट्टा सूर्यासमोर धरून पाहा. काय दिसले ते दोन ओळींत लिहा.
4. तुमच्या घरात किंवा शेजारी टक्कल असलेले कोण आहे? हा पाठ त्यांना वाचून दाखवा.