बिनविरोधसाठी माघार घेऊ नकोस

चि. सौ. ताईस,


परवा तुझा फोन आला तेव्हा समोर माणसं बसली होती, म्हणून हो-ना एवढंच बोललो. आता सविस्तर लिहितो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तुमच्या प्रभागातली जागा महिलेसाठी सुटली आहे, तुला उभं राहायचं आहे, आणि वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पोरी, बिनविरोध होऊ दे, गावात तेढ नको.’ माझं म्हणणं, अर्ज भर आणि भरलास की मागे घेऊ नकोस.

बिनविरोध निवड सगळीच वाईट, असं नाही. हिवरेबाजारात पोपटराव पवार 1989 साली बिनविरोधच सरपंच झाले. पण तिथे गावातल्या तरुणांनी आग्रहाने त्यांना पुढे केलं होतं. बाकी बहुतेक ठिकाणी ओसरीवर बसून चार घरांनी केलेली ती वाटणी असते. कुठे कुठे तर उघड बोली लागते. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन्ही गावांची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाने 2021 च्या जानेवारीत पदांच्या लिलावावरूनच रद्द केली. पैसे मोजून बसलेला माणूस पुढची पाच वर्षं कुणाचं ऐकेल, तूच सांग. तू हरलीस तरी निदान प्रत्येक दारात मत मागायला जावं लागेल, तुला आणि समोरच्या उमेदवारालाही.

‘मला त्यातलं काय कळतं’ म्हणालीस. इतकी वर्षं ग्रामसेवकी केली, म्हणून सांगतो, सदस्याला दोन गोष्टी आल्या की पुष्कळ झालं: विषयपत्रिका वाचता येणं आणि सही करण्याआधी इतिवृत्त मागता येणं. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला 60 टक्के भाग 2021-22 पासून पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. तुमच्या आळीला पाणी येतं दिवसाआड. मग तो पैसा आराखड्यात कुठे दाखवला, काम कुठे झालं, हे विचारायला पदवी कशाला लागते? मासिक सभेत एक जरी विचारणारा असला, की सरपंच आणि आम्ही ग्रामसेवक, दोघंही घरून कागद वाचून यायचो.

बायकांच्या कारभाराला कुणी हसलं तर विटनेरचं नाव घे. जळगाव जिल्ह्यातल्या त्या गावाने 1989 मध्ये, पंचायतीत बायकांना आरक्षण देणाऱ्या घटनादुरुस्तीच्या आधी, शेतकरी संघटनेच्या पाठबळावर सगळ्या जागांवर बायका निवडून दिल्या होत्या.

आता कागद. चांगले उमेदवार मतदानापर्यंत पोचतच नाहीत, छाननीतच गळतात. घरपट्टी, पाणीपट्टी आजच भरा आणि पावती जपून ठेव. शौचालयाचा दाखला लागेल. 2001 च्या सप्टेंबरनंतरच्या अपत्यांचा नियम तुला आड येत नाही, तो विषय संपला. मला काळजी आहे ती तुझ्या सासऱ्यांच्या गोठ्याची. तो गायरानात आहे ना? सरकारी जागेवरच्या घरच्यांच्या अतिक्रमणामुळेही सदस्यत्व जाऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसं सांगितलं आहे. गोठ्याचं आधी बघा, बॅनरचं मग. खर्चाची वही पहिल्या दिवसापासून लिही, कारण हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यावा लागतो, पडलेल्यांनाही. पडलेले उमेदवार तो विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात.

ग्रामपंचायतीत पक्षाचं चिन्ह नसतं. त्यामुळे पॅनेलवाले बोलावतील. जायचं असेल तर जा, पण तुझ्या प्रभागातल्या कामांवर आधी बोल, जागांवर नंतर.

छाननीच्या दिवशी मूळ कागद घेऊन तू स्वतः तहसीलला हजर राहा. जावईबापूंना बरोबर ने. पण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने काही विचारलं, तर उत्तर तू द्यायचंस.

तुझा,
मामा