चित्र कोणाचे? आरेखकांसाठी स्वामित्वहक्काची ओळख

गावच्या जत्रेची निमंत्रणपत्रिका, शाळेची स्मरणिका, पतपेढीची दिनदर्शिका किंवा महिला गटाच्या लोणच्याच्या बरणीवरील लेबल, यांपैकी कोणतेही काम हाती आले म्हणजे छापखान्यातील आरेखक प्रथम चित्राच्या शोधास लागतो. पूर्वी हा शोध जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात घेतला जाई; आता तो इंटरनेटवर घेतला जातो. चित्र सापडते, त्याच्या कोपऱ्यातील चित्रकाराची सही कापली जाते आणि हजार प्रती छापून वाटल्या जातात. चित्र कोणाचे, हा प्रश्न बहुधा वकिलाची नोटीस हाती पडल्यावरच उपस्थित होतो. मग ग्राहक छापखान्याकडे बोट दाखवितो, छापखाना आरेखकाकडे आणि आरेखक इंटरनेटकडे.

ग्रंथांच्या आरंभी ‘सर्व हक्क स्वाधीन’ असे छापलेले आढळते. हे हक्क म्हणजेच कायद्याच्या भाषेतील प्रतिलिप्यधिकार. व्यवहारात त्यास स्वामित्वहक्क किंवा कॉपीराइट म्हणतात. भारतात या विषयीचा कायदा १९५७ साली संमत झाला व २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. चित्र, रेखाचित्र, नकाशा, आराखडा, कोरीवकाम, शिल्प आणि छायाचित्र या सर्वांचा त्यात ‘कलाकृती’ या संज्ञेत समावेश होतो. कृतीत कलागुण असलेच पाहिजेत अशी अट नाही. तलाठ्याच्या मुलाने हौसेने टिपलेले भातशेतीचे छायाचित्र आणि नामवंत चित्रकाराचे तैलचित्र ही कायद्यापुढे या बाबतीत एकाच पंक्तीस बसतात. अशा कृतीची प्रत काढणे, ती लोकांपुढे मांडणे, तिचे रूपांतर करणे हे सर्व अधिकार केवळ हक्कदाराचे असतात.

हा हक्क मिळविण्यासाठी नोंदणी करावी लागते, असा समज सर्वत्र आहे. तो चुकीचा होय. कृती निर्माण होताच हक्क निर्माण होतो. खाद्यतेलाच्या वेष्टनावरील लेबलासंबंधीच्या एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली हेच स्पष्ट केले आहे: नोंदणी ऐच्छिक आहे आणि नोंदणीवाचूनही हक्कभंगाविरुद्ध दाद मागता येते. तेव्हा चित्राखाली नाव नाही, वर्तुळातील ‘सी’ हे चिन्ह नाही, म्हणून ते बेवारशी आहे असे समजण्यास आधार नाही.

हक्क किती काळ टिकतो? चित्रकाराच्या हयातीत, आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून पुढे ६० वर्षे. ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील हक्क १९९१ अखेर संपुष्टात येणार होते, त्या निमित्ताने ती दहा वर्षांनी वाढविण्यात आली. मराठी घरांतून परिचित असलेल्या चित्रकारांची उदाहरणे घेतली म्हणजे हिशेब ध्यानी येतो. महाराज सयाजीराव गायकवाडांसाठी बडोद्याच्या राजवाड्यातील पौराणिक चित्रे काढणारे राजा रविवर्मा १९०६ साली निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क कधीच संपला आहे. रावबहादूर म. वि. धुरंधर १९४४ साली गेले. त्यांच्या चित्रांची मुदत २००४ अखेर संपली. मात्र गोव्यात जन्मलेले आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी घराघरांत पोहोचलेले दीनानाथ दलाल १९७१ साली निवर्तले, म्हणून त्यांच्या चित्रांना २०३१ अखेरपर्यंत संरक्षण आहे. रघुवीर मुळगावकरांची (निधन १९७६) देवदेवतांची चित्रे २०३६ अखेरपर्यंत, तर इंदूरला जन्मलेल्या आणि बडोद्यास अध्यापन केलेल्या ना. श्री. बेंद्रे यांची (निधन १९९२) चित्रे २०५२ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. चित्र जुने दिसते, कागद पिवळा पडला आहे, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. चित्रकाराचे निधनवर्ष पाहावे लागते.

छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जात असे. २०१२ च्या दुरुस्तीने तीही छायाचित्रकाराच्या हयातीशी जोडण्यात आली. शासकीय प्रकाशनांतील कृतींना प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण असते. शासनाच्या संकेतस्थळावरील छायाचित्र सर्वांना फुकट, हा समजही त्यामुळे टिकत नाही. आंतरराष्ट्रीय करारांमुळे परदेशी चित्रकारांच्या व छायाचित्रकारांच्या कृतींनाही भारतात संरक्षण लाभते.

सर्वांत अधिक तंटे उद्भवतात ते पैसे देऊन करून घेतलेल्या कामातून. ग्राहक म्हणतो, ‘मी दाम मोजला, चित्र माझे.’ आरेखक म्हणतो, ‘कल्पना माझी, हात माझा.’ कायद्याचे उत्तर या दोहोंच्या मधले आहे आणि ते बारकाईने वाचणे अगत्याचे आहे. सर्वसाधारण नियम असा की, कृतीचा कर्ता तोच तिचा पहिला हक्कदार. त्यास अपवाद आहेत. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून केलेले काम, विरुद्ध करार नसल्यास, मालकाचे होते; शासकीय खात्यातील आरेखकाचे काम शासनाचे होते. मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले, किंवा रंगचित्र अथवा व्यक्तिचित्र काढून घेतले, तर करार नसल्यास पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. परंतु या शेवटच्या यादीत रेखाचित्राचा उल्लेख नाही. संस्थेचे बोधचिन्ह, फलकावरील रेखांकन, वेष्टनाची मांडणी हे काम स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या आरेखकाकडून करून घेतले आणि कागदावर काहीच लिहून घेतले नाही, तर केवळ पावती दाखवून हक्क आपला आहे असे ग्राहकास ठामपणे म्हणता येत नाही. दूध संस्थेने पंधरा वर्षे पिशवीवर वापरलेले बोधचिन्ह काढणाऱ्याच्या वारसांनी एके दिवशी आपले म्हणून मागितले, तर संस्थेच्या दप्तरी दाखविण्यास काय असेल, याचा विचार सचिवांनी आजच करावा हे बरे.

हक्क विकला तरी चित्रकाराच्या हाती काही उरतेच. कृतीचा कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा आणि आपल्या कीर्तीस बाध येईल अशा रीतीने कृतीची मोडतोड होऊ न देण्याचा अधिकार कायद्याच्या ५७ व्या कलमाने त्यास दिला आहे. शासकीय अधिकाऱ्यांनी या संदर्भात अमरनाथ सहगल यांचा दावा अवश्य जाणून घ्यावा. नवी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी केंद्र शासनाने सहगल यांच्याकडून सुमारे १४० फूट रुंद व ४० फूट उंच असे ब्राँझचे भित्तिशिल्प करवून घेतले होते. १९७९ साली भवनाच्या नूतनीकरणात ते शिल्पकारास न विचारता उतरविण्यात आले आणि गुदामात टाकण्यात आले. त्याचे काही भाग नाहीसे झाले. सहगल १९९२ साली न्यायालयात गेले. शिल्पाचा मोबदला दिला होता, ते शासनाच्या मालकीचे होते, हा बचाव दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केला नाही. २००५ साली निकाल लागला, शिल्पाचे अवशेष शिल्पकारास परत देण्याचा आदेश झाला आणि पाच लाख रुपये भरपाई ठरली. पत्रिकेवरील चित्रातून सही कापणे ही त्यामानाने लहान गोष्ट वाटेल; पण बाधित होणारा अधिकार तोच आहे.

कायदा सर्वच दारे बंद करीत नाही. वर्गात शिकविताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने चित्राची प्रत काढणे हा हक्कभंग नव्हे. जाहिराती घेऊन छापलेली स्मरणिका मात्र वर्गातील अध्यापन ठरत नाही. समीक्षा, संशोधन व चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी उचित प्रमाणात वापर करता येतो. देवालयाचे, वाड्याचे किंवा चौकात कायमस्वरूपी उभारलेल्या पुतळ्याचे चित्र अथवा छायाचित्र काढून ते प्रसिद्ध करण्यासही मुभा आहे. येथे एक गफलत होते. ही मुभा वास्तू व शिल्प यांना आहे, रस्त्याकडेच्या भिंतीवर रंगविलेल्या चित्रास ती लागू नाही. आणि चौकातील पुतळ्याचे छायाचित्र दुसऱ्या कोणी काढलेले असेल, तर त्या छायाचित्राचा हक्क त्याचाच. आरेखकाने स्वतः कॅमेरा घेऊन चौकात जाणे हा त्यावरील सोपा आणि बिनखर्चाचा उपाय होय.

छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांच्या चित्रांच्या बाबतीत निराळाच कायदा आडवा येतो. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्यान्वये त्यांच्या नावाचा अथवा चित्राचा वापर व्यापारासाठी केंद्र शासनाच्या परवानगीवाचून करता येत नाही. दिनदर्शिकेवर चित्र छापण्यास सूट आहे, पण तीवर केवळ निर्माता व मुद्रक यांची नावे असावीत आणि ती मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेली नसावी. स्वामित्वहक्काची मुदत संपली असली तरी हे बंधन कायम राहते.

चित्रात इतके टक्के बदल केला की ते आपले होते, ही तर आरेखकांतील जुनी दंतकथा आहे. कायद्यात अशी कोणतीही टक्केवारी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका नाट्यकृतीच्या दाव्यात सांगितलेली कसोटी साधी आहे: दोन्ही कृती पाहणाऱ्याच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा ठसा निःसंशय उमटतो काय? कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. बैलगाडी व सूर्यास्त कोणीही काढावा. अमुक एका छायाचित्रातील बैलगाडी गिरवू नये.

इंटरनेटवर काही चित्रे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या परवान्याखाली ठेवलेली असतात. ती वापरता येतात, पण परवान्याची अट वाचूनच. कोठे कर्त्याचे नाव देणे बंधनकारक असते, कोठे व्यापारी उपयोग वर्ज्य, कोठे बदल करण्यास मनाई. ‘रॉयल्टी-फ्री’ याचाही अर्थ फुकट असा नव्हे. एकदा दाम भरल्यावर, परवान्याच्या अटींत राहून, दर वापरास निराळे शुल्क पडत नाही, एवढाच.

हक्कभंग सिद्ध झाल्यास न्यायालय छपाई थांबवू शकते, नफ्याचा हिशेब मागू शकते व भरपाई देववू शकते. जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. व्यापारी लाभाचा हेतू नसल्यास न्यायालयास शिक्षा कमी करता येते.

परवानगी मागण्यास एक पत्र पुरते. चित्र कोणते, ते कशावर, किती प्रतींत व कोणत्या भाषेतील प्रकाशनात छापावयाचे, मोबदला किती आणि नाव कोठे येईल, हे त्यात लिहावे आणि उत्तर लेखी घ्यावे. हक्कच विकत घ्यावयाचा असेल तर हस्तांतराचा लेख हक्कदाराच्या सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारतापुरता.