कुणाचं अडलं होतं?



परवा चौथीच्या वर्गात बंधाऱ्याचा एक उतारा वाचून घेतला. वाचून झाल्यावर विचारलं, "काय कळलं?" एकानं खडाखडा सांगितलं, "बंधारा दगडी असतो, त्याला बरगे असतात, बरगे पावसाळा संपल्यावर घालतात." सगळं बरोबर. पण "बंधारा बांधला कशाला?" म्हटल्यावर वर्ग चिडीचूप! उतारा तोंडपाठ आणि कळला मात्र नाही. म्हणून आज हे लिहीत आहे.

काही उतारे नुसती माहिती देतात. काही आधी हे झालं, मग ते झालं, असं सांगतात. पण काही उताऱ्यांत एक अडचण असते आणि तिच्यावर काढलेली तोड असते. असा उतारा ओळखायला दोन प्रश्न विचारा. कुणाचं अडलं होतं? आणि मग त्यांनी काय केलं?

आता हा उतारा वाचा.

"पावसाळ्यात आपल्या नद्या दुथडी भरून वाहतात आणि पाणी पुढे निघून जाते. उन्हाळ्यात पात्र आटते, पिके वाळतात. नदीत आडवी पक्की भिंत घातली तर पाणी अडेल. पण पुराचेही पाणी तुंबून काठच्या शेतांत शिरेल आणि भिंतीमागे गाळ साठेल. यावर एक युक्ती निघाली. नदीत दगडी खांब बांधून मध्ये मोकळी दारे ठेवली. पावसाळा सरला की खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, बसवायचे. पूर्वी बरग्यांच्या दोन रांगा लावून मध्ये माती ठासत. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढायचे, म्हणजे पूर आणि गाळ दोन्ही वाहून जातात."

कुणाचं अडलं होतं? शेतकऱ्याचं. पण नीट पाहा, इथे अडचणी दोन आहेत. पहिली पाणी टिकत नाही ही. तिच्यावरचा सरळ उपाय भिंत. पण भिंतीनेच दुसरी अडचण उभी केली. काढता-घालता येणारे बरगे ही दोन्हींवरची तोड. हाच तो 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा'. हे नाव साऱ्या महाराष्ट्रात चालतं, बरं का!

तरी बंधाऱ्यात अडवायला उन्हाळ्यात पाणी यायचं कुठून? ते धरणातून सोडतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत लोकांचे फार हाल झाले. १९०२ साली शाहू महाराजांनी पाटबंधाऱ्याचं धोरण जाहीर केलं आणि पुढे भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम सुरू झालं. महाराज १९२२ साली वारले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. तिथले सात दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात. ही युक्ती कोणत्या अडचणीवरची, ते तुम्ही सांगा.

'पंचाईत', 'टंचाई', 'यावर', 'त्यासाठी', 'युक्ती' असे शब्द दिसले की कान टवकारा. 'म्हणून' या शब्दाला मात्र फसू नका. "पूर आला म्हणून शाळा बंद राहिली" यात कारण आहे, उपाय नाही, असं मी वर्गात सांगितलं. तर एक मुलगी उठली, "गुरुजी, पोरं पाण्यात जाऊ नयेत म्हणून शाळा बंद ठेवली, हाच उपाय की!" मी निरुत्तर. तिचं म्हणणं खरं आहे. फक्त लिहिणाऱ्यानं मुलांचा धोका आधी सांगितला पाहिजे, तरच तो उपाय दिसतो.

आता हे ओळखा. यात वरचा एकही शब्द नाही.

"खेड्यातली मुले शिकायला कोल्हापुरात येत. राहायचे कुठे, जेवायचे कुठे? शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा मुलांसाठी बोर्डिंग काढले. मागोमाग इतर समाजांच्या मुलांसाठीही बोर्डिंगे निघाली."

एक काम देतो. आपल्या गावची एक खरी अडचण चार ओळींत लिहा. पाणंदीतला चिखल, नळाचं पाणी, वस्तीवरून शाळेला येताना लागणारा ओढा, काहीही. उपाय लिहू नका, खाली जागा कोरी ठेवा. शनिवारी कागद अदलाबदल करू आणि उपाय दुसऱ्यानं लिहायचा. ओढ्याचा कागद मी सरपंचांनाही दाखवणार आहे, तेव्हा अक्षर चांगलं काढा.

— तुमचे गुरुजी