मुलाचें मौन व आईबापांचें भय
(वाचनपाठ : योहानकृत शुभवर्तमान, अध्याय ९)

या अध्यायावर उपदेश करितांना चिखल व शिलोहाचें तळें यांविषयीं पुष्कळ बोलण्यांत येतें. जन्मांधाच्या आईबापांविषयीं फारच थोडें. वस्तुतः शिष्यांचा पहिला संशय त्यांच्यावरच होता. हा आंधळा जन्मला तो स्वतःच्या पापामुळें कीं आईबापांच्या, असें त्यांनीं विचारिलें, आणि प्रभूनें दोन्ही गोष्टी नाकारिल्या. पुढें अठराव्या वचनापासून तेच आईबाप परुश्यांपुढें उभे राहतात, तेव्हां सभेंतून बहिष्कृत होण्याच्या भीतीनें ते मोकळेपणीं उत्तर देत नाहींत. हेंच भय आपल्या मंडळ्यांतील कांहीं घरांत आज आहे.

कांहीं मुलें नांवानें हांक मारिली तरी वळून पाहत नाहींत, हवी ती वस्तु बोटानें दाखवीत नाहींत. एखादें मूल तासन्‌तास सायकलचें चाकच फिरवीत बसतें. नेहमींची वाट सोडून दुसऱ्या वाटेनें नेलें तर आकांत करितें. कोणी मुळींच बोलत नाहीं, कोणी ऐकलेलें वाक्यच पुनः पुनः म्हणतें. या स्थितीस स्वमग्नता, इंग्रजींत ऑटिझम, असें म्हणतात. हा मेंदूच्या वाढींतील भेद आहे, व त्यांत आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. भूतबाधा, दृष्ट, गरोदरपणीं पाहिलेलें ग्रहण यांचा त्याच्याशीं कांहीं संबंध नाहीं. लस टोचल्यानेंही तो होत नाहीं.

अमेरिकेंतील मनोवैद्य लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं अशा ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यानंतर मात्र कित्येक विद्वानांनीं शिष्यांचाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारिला, आणि आईच्या मायेंत ऊब नसल्यामुळें मूल असें होतें, असा निवाडा दिला. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड हे स्वतः अशा मुलाचे पिता. त्यांनीं १९६४ सालीं ग्रंथ लिहून या मताचें खंडन केलें. तोंवर किती मातांनीं हा कलंक निमूटपणें सोसला असेल! आपल्या गांवांत हा दोष सुनेवर व तिच्या माहेरावर येतो, एवढाच फरक.

जन्मांधास दृष्टि मिळाली, म्हणून प्रत्येक स्वमग्न मूल प्रार्थनेनें बोलूं लागेल असें वचन देण्याचा अधिकार या अध्यायानें आम्हां पाळकांस दिलेला नाहीं. प्रार्थना अवश्य करावी. परंतु मुलास धरून, डोकें दाबून, ओरडून भूत काढणें हा छळ होय. आणि मूल बोललें नाहीं म्हणून आईबापांचा विश्वास उणा ठरविणें हा त्याहून क्रूर प्रकार.

उपासनेंत ढोलकी व झांज वाजूं लागली, त्यांत कर्णा लाविलेला असला, कीं अशा पुष्कळ मुलांस तो आवाज असह्य होतो. मूल कान झांकून किंचाळतें, लोक माना वळवितात, आणि मुलास वळण नाहीं असें कोणीतरी म्हणतेंच. मग तें कुटुंब मागें बसूं लागतें, पुढें व्हरांड्यांत, आणि शेवटीं घरींच राहतें. बहिष्काराचा ठराव कोणीही केलेला नसतो.

उपदेशक बंधूंनीं आधीं त्या घरीं जावें, आणि मुलास काय आवडतें, कशानें त्रास होतो, हें आईस विचारावें. दाराजवळची एकच जागा त्यास दर रविवारीं राखून ठेवावी. कर्णा बंद ठेवावा. पन्नास माणसांच्या मंदिरांत त्याची गरज काय, हें आम्हांस कधींच कळलें नाहीं. शब्बाथ शाळेंत त्याच्याशीं लहान वाक्यांत, शक्य तेथें चित्र दाखवून बोलावें, व उत्तरास वेळ द्यावा. बोलत नाहीं तें मूल समजत नाहीं, असें धरून त्याच्यादेखत त्याच्याविषयीं चर्चा करूं नये.

आईबापांनीं मुलास लवकर जिल्हा शासकीय रुग्णालयांत दाखवावें. जितक्या लवकर शिकविण्यास आरंभ होईल तितकें बरें. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगता ४० टक्के वा अधिक असल्याचें प्रमाणपत्र मिळालें, तर ६ ते १८ वर्षांच्या मुलास विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अर्ज भरणें, तालुक्यास सोबत जाणें, हें काम लिहितांवाचतां येणाऱ्या पंचांनीं अंगावर घ्यावें.

प्रभुभोजनाच्या रविवारीं त्या आईजवळ एका बहिणीनें आधींच जाऊन बसावें, म्हणजे मुलास तिच्यापाशीं सोंपवून आईस मेजापर्यंत जातां येईल. ही बहीण मुलाच्या ओळखीची असावी. त्यासाठीं तिनें त्या घरीं आतांपासूनच जाणें-येणें ठेवावें.