लाल पेन जरा बाजूला ठेवू या



गेल्या पालकसभेनंतर एक आई थांबल्या. हातात मोबाइल होता. म्हणाल्या, "बाई, वर्गाच्या ब्लॉगवर याचं लिखाण आलंय, पण तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. सगळे वाचतात. तुम्ही दुरुस्त करून का नाही टाकलंत?" त्यांची काळजी खरी होती, आणि उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखं नव्हतं. म्हणून आज तुम्हा सगळ्या पालकांशीच बोलते.

आपल्या चौथीच्या वर्गाचा ब्लॉग आपण जूनमध्ये सुरू केला. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेत हस्तलिखित निघत असेल. चांगल्या अक्षराची चार मुलं जाड कागदावर लिहायची, कुणीतरी मुखपृष्ठ रंगवायचं, स्नेहसंमेलनात ते टेबलावर मांडलं जायचं आणि मग कपाटात जायचं. ब्लॉग म्हणजे तेच हस्तलिखित, पण इथे अक्षर पाहून कुणाची निवड होत नाही आणि वाचायला स्नेहसंमेलनाची वाट पाहावी लागत नाही. दर आठवड्याला पाच-सहा मुलांची पाळी येते, त्यामुळे वर्षभरात प्रत्येकजण अनेकदा लेखक होतो.

कल्पना मुळीच नवी नाही. फ्रान्समधल्या बार-सुर-लू या छोट्या गावात सेलेस्तँ फ्रेने नावाचे शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या फुप्फुसाला जखम झाली होती आणि वर्गात फार वेळ बोलणं त्यांना झेपत नसे. १९२४ च्या सुमारास त्यांनी वर्गात एक लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं आपल्या गावाबद्दल, घरातल्या कामांबद्दल लिहायची, स्वतः खिळे जुळवून छापायची आणि ते कागद पार दुसऱ्या टोकाच्या ब्रिटनी प्रांतातल्या शाळेला पाठवायची. तिकडून तिथल्या मुलांचं लेखन यायचं. डोंगराकडची मुलं समुद्रकाठच्या मुलांसाठी लिहू लागली. आपलं लिहिलेलं खरोखर कुणीतरी वाचणार आहे, हे त्यांना कळलं होतं.

आपल्या वर्गातही मी हेच पाहिलं. एक मुलगा निबंधात चार ओळींच्या पुढे कधी जात नसे. 'पावसाळा' म्हटलं की 'पावसाळा हा ऋतू मला फार आवडतो' आणि पुढे गाइडमधलं पाठ केलेलं. ब्लॉगसाठी मी त्याला म्हटलं, तुझ्या घरातला पाऊस लिही. त्याने बाबांच्या रिक्षाबद्दल लिहिलं. पावसात बाजूचा पडदा कसा सोडतात, मागच्या सीटवर पाणी कसं येतं, बाबा घरी आल्यावर नोटा तव्याजवळ कशा वाळत घालतात. ओळी सहाच होत्या. खाली दुसऱ्या एका मुलीच्या आईने प्रश्न लिहिला: "एखादी बाई रिक्षात छत्री विसरली, तर बाबा काय करतात?" मुलाने रात्री घरी विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याने दोन पानं लिहून आणली. त्या दोन पानांमागे माझं शिकवणं फार थोडं होतं. त्याला लिहितं केलं त्या आईच्या प्रश्नाने.

आता त्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल. मी चुका सोडून देत नाही. त्या वहीत तपासते, आणि चार-पाच मुलांनी केलेली चूक फळ्यावर घेऊन सगळ्यांना समजावते. त्यानंतर मूल आपलं लेखन स्वतः दुरुस्त करतं आणि ब्लॉगवर बदलतं. तेवढ्यातूनही एखादी वेलांटी चुकीची राहिली, तर राहू द्या. ती चौथीतल्या मुलाची आहे. मी किंवा तुम्ही सगळं सफाईदार करून दिलं, तर पानावर नाव मुलाचं राहील आणि लेखन आपलं. मुलांना हे लगेच कळतं आणि ती पुन्हा गाइडकडे वळतात.

घरी वाचनाची साथ हवी असेल, तर पदराला खार न लावता मिळणाऱ्या चांगल्या गोष्टी पुष्कळ आहेत. आपल्या पुण्याच्या सेनापती बापट रस्त्यावरच्या बालभारतीची पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर मोफत उतरवून घेता येतात. पुस्तकातला क्यूआर कोड मोबाइलने टिपला की 'दीक्षा' ॲपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांत हे कोड वापरून दाखवले आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. 'प्रथम बुक्स'च्या स्टोरीवीव्हरवर मराठीतली सचित्र गोष्टींची पुस्तकं वाचता येतात, छापूनही घेता येतात. 'आयुका' या संशोधन संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांचे व्हिडिओ पाहा. मूल एक खेळणं करेल आणि ते कसं केलं हे लिहील. तो त्या आठवड्याचा उत्तम लेख होईल.

मात्र फुकट मिळणारं सगळंच निर्धोक नसतं. कुठलंही ॲप मुलाचा मोबाइल नंबर, जन्मतारीख किंवा फोटो मागू लागलं, तर तिथेच थांबा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. हा तुमचा हक्क आहे, तो वापरा. सुरुवातीला माझ्याकडूनच एक चूक झाली होती. एका मुलीचा गणवेशातला फोटो मी पूर्ण नावासह लावला. तिच्या वडिलांनी शांतपणे लक्षात आणून दिलं आणि मी तो त्याच संध्याकाळी काढला. तेव्हापासून आपल्या ब्लॉगवर फोटो नाहीत, आडनावं नाहीत, शाळेचा पत्ता नाही. मी निमंत्रण पाठवलेल्या पालकांनाच तो उघडतो आणि प्रत्येक प्रतिक्रिया आधी मी वाचते. तुम्हीही कुठल्या मुलाचं लेखन नातेवाइकांच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. आपल्याच मुलाचं पाठवायचं असलं, तरी आधी त्याला विचारा.

ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो दिवसभर कामावर जातो, त्यांनी मनात कमीपणा आणू नये. प्रत्येक लेखाची छापील प्रत वर्गाबाहेरच्या भित्तिपत्रकावर लागते. एका मुलीच्या आईला वाचता येत नाही. ती भाजीची पाटी खाली ठेवून तिथे उभी राहते आणि मुलगी बोट ठेवून तिला वाचून दाखवते. इतकं मन लावून ऐकणारी वाचक मी क्वचितच पाहिली आहे.

म्हणून आठवड्यातून पंधरा मिनिटं मागते. मुलाजवळ बसून त्याचं आणि वर्गातल्या आणखी एकाचं लेखन वाचा. 'छान', 'मस्त' लिहून पुढे जाऊ नका. ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच ठाऊक नाही, असा एक प्रश्न विचारा. मुलांच्या लेखांची तुलना करू नका. आणि लिहायला बसलेल्या मुलाला वाक्यं सांगू नका, आठवणी सांगा.

पुढच्या सोमवारचा विषय आहे 'आमचं घर पुण्यात कधी आलं'. काहींच्या घरी १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटल्याची आठवण सांगणाऱ्या पणजीबाई असतील, काहींचे आईबाबा पाच वर्षांपूर्वी लातूरहून किंवा बिहारहून कामासाठी आले असतील. हे कुठल्याही गाइडमध्ये नाही, ते तुमच्याजवळ आहे. रविवारी रात्री जेवताना सांगायला सुरुवात करा. मी सोमवारी वाचायला बसते आहे.

तुमच्या मुलांच्या बाई