जुनी अल्फा रोमिओ आणि तिचा रबरी पट्टा

(इयत्ता सातवी-आठवीसाठी पूरक वाचन : सामान्य विज्ञान व गणित)

मुलांनो, इटालियन गाडी म्हटलं की आपल्या आजोबांना फियाट आठवते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. साधी, काटक गाडी. गल्लीतला मिस्त्रीसुद्धा ती खोलून जोडायचा. आज आपण इटलीतल्याच, पण वेगळ्या घराण्यातल्या गाडीची माहिती घेणार आहोत. तिचं नाव अल्फा रोमिओ १६४.

ही मोठ्या साहेबांची गाडी. १९८७ मध्ये ती फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. बाहेरचा आकार पिनिनफरिना या प्रसिद्ध संस्थेने घडवला. मिलान शहराजवळच्या आरेझे येथील कारखान्यात ती तयार होई. गंमत म्हणजे तिचा पायाभूत सांगाडा चार कंपन्यांनी मिळून वापरला : स्वीडनची साब ९००० आणि इटलीच्या लान्चिया थेमा, फियाट क्रोमा व ही १६४. एकाच साच्यातल्या चार बहिणी म्हणा, पण चेहरे वेगळे.

१६४ ची खरी ओळख म्हणजे तिचं तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. जुसेप्पे बुस्सो या अभियंत्याने ते रचलं, म्हणून लोक त्याला आजही ‘बुस्सो इंजिन’ म्हणतात. बॉनेट उघडलं की चकचकीत सहा नळ्या ओळीने दिसतात. आवाज तर असा की अनेकांनी केवळ त्यासाठी गाडी घेतली. चालवताना मात्र हात घट्ट लागतो. सगळी ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे ॲक्सिलरेटर जोरात दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढ घेतं. डॅशबोर्डवर एकसारख्या बटणांची रांगच रांग. कोणतं कशाचं हे पाठ करावं लागतं, अगदी पाढ्यांसारखं!

आता मुख्य मुद्दा. या गाडीचं उत्पादन १९९० च्या दशकाच्या अखेरीस थांबलं. पुढे कित्येक वर्षं जुनी १६४ युरोपात फारच स्वस्तात मिळायची. मग लोक रांगा लावून का घेत नव्हते? आपल्याकडे म्हण आहे ना, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. इथला मसाला म्हणजे इंजिनच्या एका टोकाला झाकणाखाली लपलेला, दातेरी रबरी पट्टा. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात.

त्याचं काम समजून घेऊ. सिलिंडरमध्ये दट्ट्या, म्हणजे पिस्टन, वरखाली होतो आणि क्रँक नावाचा दांडा फिरवतो. वरच्या बाजूला हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा असतात. त्या उघडणारा दांडा म्हणजे कॅम. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा व्हायला हवा, ना कमी ना जास्त. हा मेळ पट्टा राखतो. एका चाकाचे दाते दुसऱ्याच्या दुप्पट, एवढं साधं गणित आहे हे.

आकडे मांडून बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतंय. ३००० ÷ ६० = ५०, म्हणजे क्रँकचे सेकंदाला ५० फेरे. कॅमचे निम्मे, २५. प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते आणि मिटते. तासाभरात किती? २५ × ३६०० = ९०,०००! दट्ट्या वर यायच्या आत झडप मिटलेली हवी. पट्टा तुटला तर कॅम थांबतो, पण गाडी वेगात असल्याने क्रँक फिरतच राहतो. उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्ट्या आदळतो आणि त्या वाकतात. एका क्षणात इंजिन निकामी. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि चांगली दिसणारी गाडी भंगारात जाते.

इथे बरेच जण फसतात. कमी किलोमीटर फिरलेली गाडी म्हणजे चांगली, असं आपण धरून चालतो. पण रबर नुसतं उभ्या उभ्याही म्हातारं होतं. कडक होतं, त्याला भेगा पडतात. घरातलं जुनं रबरबँड ताणून बघा, कळेल. त्यामुळे पट्टा किलोमीटरवर आणि वर्षांवर, दोन्हीवर मोजायचा. शिवाय सुरुवातीच्या या इंजिनांत पट्टा ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालायचा. तो गळू लागला की तेल थेट पट्ट्यावर. म्हणून जाणकार मालक त्याजागी तेलाशिवाय चालणारा टेन्शनर बसवतात, आणि एकदा उघडलंच आहे तर पाण्याचा पंपही बदलून घेतात. इंजिन आडवं बसवल्यामुळे हात घालायला जागा थोडी, म्हणून मजुरी जास्त. पट्ट्याची किंमत त्यापुढे किरकोळच.

याच गाडीत चार सिलिंडरचं ‘ट्विन स्पार्क’ इंजिनही मिळायचं. त्यात पट्ट्याऐवजी तेलात फिरणारी साखळी आहे. साखळी थोडा आवाज करते, पण खूप टिकते. मला विचाराल तर रोज वापरायला मी तीच गाडी सुचवेन. सहा सिलिंडरच्या आवाजावर जीव जडलेला माणूस अर्थातच ऐकणार नाही!

करून पाहा :

सायकल उलटी ठेवून पायडलच्या चक्राचे आणि मागच्या चक्राचे दाते मोजा. पायडल एकदा फिरवल्यावर मागचं चाक किती फेरे घेतं ते आधी गणिताने काढा, मग प्रत्यक्ष मोजा. इंजिनात कॅम सावकाश फिरतो, सायकलीत मागचं चाक जलद. असं का, ते वहीत लिहा.

आणि एक प्रश्न घरच्यांना विचारा. तीस वर्षांची सहा सिलिंडरची १६४ विकायला आहे. मालक सांगतो, “फक्त ४० हजार किलोमीटर झालेत, पट्ट्याला कधी हातच लावला नाही.” गाडी तर घ्यायचीच आहे. मग ती चालवत घरी न्यायची, की टेम्पोवर चढवून?